रंग राहू द्यात, आधी डबे आणि झाकणं

पत्र थोडक्यात असं: बार्देशातल्या एका आईचा मुलगा सव्वीस महिन्यांचा आहे. त्याला वस्तू वेगळ्या करायला शिकवायचं म्हणून त्यांनी दोनेक हजार रुपये खर्चून एक लाकडी संच मागवला. त्यात सहा रंगांच्या वाट्या, त्याच सहा रंगांची छत्तीस छोटी अस्वलं आणि एक चिमटा आहे. मुलगा वाट्या आपटतो, अस्वलं फेकतो आणि दोन मिनिटांत उठून जातो. जावेची मुलगी त्याच्याच वयाची, ती लाल-निळा-हिरवा सांगते. याला एकही रंग येत नाही. सासूबाई त्याला जवळ बसवून चिंचोके आणि अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) निवडायला देतात, तिथे मात्र तो रमतो. आईला त्याची धास्ती वाटते आणि त्यावरून घरात कुरबुर होते. त्यांचे प्रश्न तीन: मुलगा मागे पडतोय का? रोज अर्धा तास ठरवून त्याला बसवावं का? आणि सासूबाईंना कसं सांगावं?

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून तो बाबांचं बनियन ओढून काढतो आणि नेमकं बाबांच्या पलंगावर नेऊन टाकतो. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. वीस-पंचवीस कपड्यांतून एक निवडायचा, तो कुणाचा हे ठरवायचं आणि जिथला तिथे पोचवायचा, यालाच वर्गीकरण म्हणतात. तुमचा मुलगा ते करतोय. फक्त संचातल्या वाट्यांसमोर बसून करत नाही, म्हणून ते तुमच्या हिशेबात आलेलं नाही.

वर्गीकरण म्हणजे रंग ओळखणं, असं आपण धरून चालतो, कारण बाजारात मिळणारे बहुतेक संच रंगांवरच बेतलेले असतात. मुलाच्या अनुभवात मात्र रंगाला फारसं वजन नसतं. लाल पेल्यातलं पाणी आणि निळ्या पेल्यातलं पाणी सारखंच. रंगावरून वस्तू काय करते ते कळत नाही. आकारावरून, मापावरून, ती कशासाठी वापरतात यावरून कळतं. चेंडू घरंगळतो, ठोकळा घरंगळत नाही. मोठ्या डब्यात छोटा मावतो, छोट्यात मोठा मावत नाही. मुलं आधी हे फरक पकडतात, रंग त्यानंतर येतो.

ढोबळ क्रम सांगते. वर्षाच्या आसपास मूल भांड्यात वस्तू टाकतं आणि काढतं, तेच तेच पुन्हा करतं. दीड वर्षाच्या पुढे सारख्या वस्तूजवळ सारखी वस्तू ठेवायला लागतं. दोन ते अडीचच्या दरम्यान अगदी वेगळ्या अशा दोन प्रकारच्या वस्तूंचे दोन ढीग करू शकतं. रंगांची नावं बिनचूक सांगणं पुष्कळ मुलांना तीन ते चारच्या दरम्यान जमतं. कुणाला दोन महिने आधी, कुणाला सहा महिने उशिरा, यात काहीच वावगं नाही. जावेच्या मुलीला रंग आवडले, तिने ते लवकर उचलले. त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काही ठरत नाही.

शिवाय तुमच्याकडे एकाच रंगाला चार नावं आहेत, हेही ध्यानात घ्या. तुम्ही लाल म्हणता, आजी तांबडा म्हणते, शेजारची कोंकणीत तांबडो म्हणते आणि मोबाईलवरच्या गाण्यात रेड. हिरव्याचंही तसंच, पाचवो आणि ग्रीन. तीन भाषा कानावर पडणं चांगलंच आहे, त्या एक करायच्या भानगडीत पडू नका. मात्र प्रत्येक नाव पक्कं व्हायला त्याला जास्त वेळ लागणार, हे गृहीत धरा.

आता तुमचा संच का फसला ते पाहू. छत्तीस अस्वलं आकाराने, वजनाने, स्पर्शाने अगदी सारखी. फरक एकच, रंगाचा, म्हणजे या वयात सगळ्यात अवघड असलेला. त्यात सहा वाट्या, म्हणजे एका वेळी सहा पर्याय. चिमट्यासाठी बोटांत जो जोर आणि ताबा लागतो तो बहुधा तिसऱ्या वर्षानंतर येतो. आणि लाकडी वाटी फरशीवर आपटली की मस्त आवाज होतो! मुलाला त्या पसाऱ्यात जे समजलं ते त्याने केलं. त्याला हट्टी किंवा चंचल म्हणू नका.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या तीन स्टीलच्या डब्यांनी करा. मापात ठळक फरक हवा. एक साधारण आठ सेंटिमीटर तोंडाचा, दुसरा बाराचा, तिसरा सोळाचा. झाकणं सैल बसणारी निवडा. दाबून लावायची झाकणं त्याच्याकडून बसत नाहीत आणि मग तो रडकुंडीला येतो. खाली चटई किंवा जाड गोधडी अंथरा, म्हणजे आवाजाची मजा कमी होईल आणि डबे घरंगळणार नाहीत. तिन्ही झाकणं काढून बाजूला ठेवा, एकदा तुम्ही स्वतः सावकाश, न बोलता लावून दाखवा, पुन्हा काढा आणि डबे त्याच्यापुढे सरकवा.

बहुतेक वेळा पुढे असं होतं. तो सगळ्यात मोठं झाकण सगळ्यात छोट्या डब्यावर ठेवतो. ते छत्रीसारखं वर बसतं आणि त्याला वाटतं, झालं. मधलं मधल्यावर बरोबर बसतं. मग उरतो मोठा डबा आणि छोटं झाकण, आणि ते झाकण थेट डब्याच्या तळाशी जातं. तो आत पाहतो, काढतो, पुन्हा ठेवतो, ते पुन्हा आत पडतं. मग तुमच्याकडे पाहतो. या क्षणी तुमचा हात पुढे येऊ देऊ नका. मनात दहापर्यंत मोजा. एखाद्या दिवशी तो छोट्या डब्यावरचं मोठं झाकण उचलून बघेल, एखाद्या दिवशी सगळं ढकलून उठून जाईल. दोन्ही चालेल. चूक डब्याने दाखवली, तुम्ही दाखवली नाही, म्हणून तो उद्या पुन्हा येईल. डबे-झाकणं रंगीत अस्वलांपेक्षा सरस ती याचसाठी. लाल अस्वल निळ्या वाटीत गेलं तरी वाटी काही बोलत नाही, मग आईला बोलावं लागतं.

डबे आठवडाभर चालले की बाजाराच्या पिशवीकडे वळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भाजी आणली की चार बटाटे आणि चार मोठे कांदे परातीत एकत्र ठेवा, बाजूला दोन पसरट टोपल्या. एका टोपलीत तुम्ही आधीच एक बटाटा ठेवायचा, दुसरीत एक कांदा. हा नमुना ठेवायला विसरू नका. रिकाम्या टोपल्यांपुढे काय करायचं ते मुलाला कळत नाही आणि तोंडी सूचना दोन वर्षांच्या मुलाला पेलत नाही. कांदा-बटाट्याची जोडी मुद्दाम सांगते आहे, कारण रंग, वास, सालीचा स्पर्श, सगळंच वेगळं. सुरुवातीला फरक जितके जास्त तितकं सोपं. ते जमलं की फरक कमी करत न्या: बटाटे आणि टोमॅटो, मग मोठे बटाटे आणि लहान बटाटे, आणि अगदी शेवटी सारख्याच वस्तू ज्यांत फक्त रंग वेगळा. एका वेळी आठच्या वर वस्तू नकोत. चाळीस ठेवल्यात तर तो परात पालथी घालणार, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मिरच्या या खेळात अजिबात नकोत. हात डोळ्याला लागायला क्षणही लागत नाही.

फेकण्याचं काय करायचं, तर फेकू द्या, फक्त काय आणि कुठे ते तुम्ही ठरवा. मोज्यांच्या जोड्यांचे गोळे करा, चार-पाच हातरुमालांच्या गाठी बांधा. दीड-दोन हातांवर दोन बादल्या, एक मोज्यांची, एक रुमालांची. नमुना आत ठेवलेला. फेकायची हौस आणि वेगळं करणं एकाच खेळात बसतं. पावसाळ्यात तर घरात दोऱ्यांवर कपडे वाळत असतातच, घड्या घालायच्या वेळी त्याला सोबत घ्या: बाबांचे इकडे, तुझे इकडे. बनियनवरून दिसतंच की हे त्याला आवडतं.

सकाळी आणखी एक काम त्याच्याजोगतं असतं. गोव्यात ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा ठेवतातच. केळ्याची साल एका डब्यात, पदेराच्या पावाचा कागद दुसऱ्यात, एवढंच त्याच्याकडे सोपवा. रोज दोन-तीन वस्तू, त्या तुम्ही हातात द्यायच्या. डब्यात हात घालू द्यायचा नाही, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. पत्र्याचे डबे, काच, ब्लेड, औषधांची पाकिटं यांच्या जवळही त्याला नेऊ नका.

पाण्यातला खेळ मला फार मोलाचा वाटतो. पसरट टबात चार बोटं पाणी, बाजूला करवंटी, बटाटा, स्टीलचा चमचा आणि प्लास्टिकचा मोठा चेंडू. करवंटी तरंगते, बटाटा बुडतो. काय बुडालं आणि काय वर राहिलं, ते दोन ताटांत वेगळं काढायचं. करवंटी आतून खरवडून स्वच्छ करा आणि कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर ओठाला कुसळ लागतं. टबापासून हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. फोन वाजला किंवा दारावर कुणी आलं, तर मुलाला कडेवर घेऊन जायचं. खेळ संपला की त्याच क्षणी पाणी ओतून टब पालथा घालायचा. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि ते बुडताना ओरडत नाही.

आता चिंचोके-अळसांद्यांकडे येते, कारण तिथे तुमची भीती शंभर टक्के रास्त आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती काय द्यायचं याची एक सोपी चाचणी आहे. टॉयलेट रोल संपल्यावर आत पुठ्ठ्याची नळी उरते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती द्यायची नाही. चिंचोका, अळसांदा, वाल, शर्टाचं बटण, नाणं, मणी, सगळं जातं. कागदी लिंबूही बऱ्याचदा जातं. कडधान्याचा धोका दुहेरी. घशात अडकतंच, शिवाय मुलं दाणा नाकात घालतात, ओलाव्याने तो फुगतो आणि घट्ट बसतो. असं झालं तर पिन, काडी, चिमटा काहीही न घालता डॉक्टरांकडे न्या. घरी काढायला गेलं की दाणा आणखी आत सरकतो. गुदमरल्यासारखं वाटलं तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

आपल्या परसातल्या काही गोष्टींबद्दल वेगळं सांगायला हवं. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण चावून पोटात गेली तर जीवघेणी. एरंडाच्या बियाही विषारी, कण्हेरीची तर पानं-फुलं सगळंच. सालीसकटची काजूची बी हंगामात घराघरांत पडलेली असते. तिच्या सालीतलं तेल कातडी भाजून काढतं, तोंडाला लागलं तर फोड येतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या नळीतून जातात आणि शिनाण्यांच्या कडा धारदार, तेव्हा समुद्रावरून आणलेला खजिना चौथ्या वर्षापर्यंत उंच फळीवर ठेवा. चतुर्थीच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगलेल्या चौकटीखाली, उभं राहून नारळ कुठे, केळ्यांचा घड कुठे, असं शोधणं फार छान, पण माटोळीतली सगळी रानफळं खाण्याजोगी नसतात, म्हणून ती बघायची, हातात द्यायची नाहीत. बटन सेलवर चालणारी किंवा छोट्या लोहचुंबकांची खेळणीही या वयाला नकोत. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू लागतो, तेव्हा तशी शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

पण सासूबाईंनी एक गोष्ट अचूक हेरली आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. त्यांच्याजवळ तो रमतो, कारण ते खरं काम आहे. आजी सूप घेऊन बसते, तिचे हात संथ चालतात, ती काही विचारत नाही, चुकलास म्हणत नाही. तुमच्या संचासमोर मात्र त्याला दर मिनिटाला प्रश्न येतो: हा कुठला रंग? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी मुलांच्या भोवतालच्याच वस्तू शिकण्यासाठी वापरल्या. आजी जे करते आहे ते त्याच वाटेवरचं आहे, वय तेवढं चुकलंय. म्हणून आजीच्या जवळची त्याची जागा हलवू नका, हातातली वस्तू बदला. आजी उकडे तांदूळ निवडत असताना त्याच्यापुढे दोन करवंट्या, दोन मोठे डाव, दोन रिकामे डबे. आणि बोलताना "तुम्ही धोकादायक वस्तू देता" असं म्हणू नका. पुठ्ठ्याची नळी त्यांच्याच हातात द्या आणि म्हणा, "आई, यातून जे जाईल ते त्याला नको, बाकी तुम्ही ठरवा." मग नियम सुनेचा उरत नाही, नळीचा होतो. त्या हाताशी असेल ते या नळीत घालून पाहू लागतील आणि तुम्हाला न सुचलेल्या दोन वस्तू काढून देतील.

अर्ध्या तासाचं वेळापत्रक मात्र नको. दोन-सव्वादोन वर्षांचं मूल ठरवून दिलेल्या कामात तीन ते सहा मिनिटं रमलं तरी भरपूर झालं. वेळ निवडा ती पोट भरलेली आणि झोप झालेली, म्हणजे नाश्त्यानंतरची किंवा दुपारी उठल्यावरची. तो कंटाळायच्या आत तुम्हीच आवरतं घ्या. आवरणं हाही खेळाचाच भाग, डबे फळीवर, बटाटे टोपलीत.

बोलायचं किती? कमी. "हा लाल, हाही लाल, हा लाल नाही" एवढं पुरे, तेही तुम्ही वस्तू ठेवताना. परीक्षा घेतल्यासारखं विचारणं महिनाभर पूर्ण बंद ठेवून पाहा. चुकीच्या टोपलीत गेलेला कांदा त्याच्यासमोर काढून बरोबर टोपलीत ठेवू नका. खेळ संपल्यावर भाजी उचलताना तो आपोआप जागेवर जाईल. कधीकधी त्याने स्वतःचाच नियम काढलेला असतो. फुटके एकीकडे, चांगले एकीकडे, किंवा मला हवेत ते इकडे. तोही नियमच आहे, त्याला मोडता घालू नका.

आणि एका बैठकीत नियम बदलू नका. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पत्त्यांच्या एका साध्या खेळाचा अभ्यास मांडला. तीन वर्षांच्या मुलांना पत्ते आधी एका गुणावरून, समजा रंगावरून, लावायला दिले आणि मग आकारावरून लावायला सांगितले, तर बरीच मुलं रंगावरूनच लावत राहिली, नवा नियम तोंडाने सांगता येत असूनही. चार-पाच वर्षांची मुलं बहुधा बदल करू शकली. तेव्हा आता बटाटे-कांदे आणि लगेच मोठे-छोटे असं केलंत तर सव्वादोन वर्षांचा मुलगा गोंधळणारच. आजचा नियम आजच्यापुरता, दुसरा उद्या.

मागे पडण्याबद्दल तुम्ही विचारलंत. रंग न येणं हे या वयात मागे पडण्याचं लक्षण नाही. डॉक्टरांकडे जायला हवं ते वेगळ्या गोष्टींसाठी: नाव घेतल्यावर वळून पाहत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, दोन शब्द जोडून ("बाबा गेला") अजून बोलत नाही, आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव गेले, किंवा वस्तूंची एकच रांग लावत बसतो आणि ती हलली की कितीतरी वेळ शांत होत नाही. यातलं काही असेल तर पुढच्या लसीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटा. लाल-हिरव्याचा गोंधळ होणारं रंगांधळेपण मुलग्यांत मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, पण त्याची शंका आता घेऊ नका. साडेचार-पाचव्या वर्षी इतर रंग नीट येत असून हेच दोन अडत असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

राहिला तुमचा संच. तो वाया गेलेला नाही. चिमटा काढून कपाटात ठेवा. अस्वलं नळीतून जातात का ते पाहा. जात असतील तर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत सगळी वर ठेवा, आणि नुसत्या वाट्या आता एकात एक घालायला, रचायला, पाणी भरायला द्या. पाण्यात टाकण्याआधी लाकडाचा रंग ओल्या फडक्याने घासून निघत नाही ना, तेवढं बघा. पुढच्या वर्षी अस्वलं बाहेर काढाल तेव्हा दोनच रंग घ्या, लाल आणि निळा, प्रत्येकी तीन, आणि प्रत्येक वाटीत एक अस्वल आधीच बसवलेलं असू द्या.